अभिप्रायाचें ऋण

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाकडे लेखकाचें कांहीं देणें उरतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां चमत्कारिक वाटेल. पुस्तक विकत घेतलें, पैसे मोजले, व्यवहार संपला. आवडलें तर दुसऱ्यास सांगितलें, न आवडलें तर कपाटाच्या मागच्या रांगेंत ढकललें. लेखकाचा आणि वाचकाचा संबंध एवढाच, असें आपण सामान्यतः धरून चालतों. परंतु जो लेखक लिहिण्याचे पैसे घेत नाहीं, उलट पदरचे पैसे घालून आपलें लिखाण आपल्या हातीं आणून देतो, आणि मोबदला म्हणून ‘कसें वाटलें तें सांगा’ एवढेंच मागतो, त्याच्या बाबतींत हा हिशेब लागू पडत नाहीं. तेथें अभिप्राय हीच किंमत असते. आणि ती न देणें, किंवा खोट्या नाण्यानें देणें, हा नीतीचा प्रश्न होऊन बसतो. माझ्या हातून असें एक खोटें नाणें दिलें गेलें. त्यावरूनच हा लेख सुचला असल्यामुळें ती हकीकत आधीं सांगतों.

मी राहतों तें नागभीड हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. बाहेरच्या लोकांस त्याची ओळख रेल्वेचें जंक्शन म्हणून. नागपुराहून येणारी छोट्या लाइनीची गाडी येथें गोंदिया-चांदाफोर्टच्या मार्गास मिळत असे, ती रुंदीकरणासाठीं २०१९ सालीं बंद झाली. गांवाभोंवतीं धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळचे तलाव, आणि त्यांपलीकडे जंगल. गेल्या पावसाळ्यांत मी शिकवितों त्या महाविद्यालयांतील बी.एस्सी.चा एक विद्यार्थी माझ्या घरीं आला आणि चार अंक माझ्या हातीं ठेवून गेला. तो व त्याचे तिघे-चौघे मित्र मिळून विज्ञानकथांचें एक नियतकालिक काढीत होते. मजकूर संगणकावर जुळविलेला, चित्रें हातानें काढलेलीं, प्रती झेरॉक्सच्या दुकानांत काढून बाजूस पिना मारलेल्या. प्रत्येक अंकाच्या प्रती तीस. मुखपृष्ठावर किमतीच्या जागीं ‘मूल्य : आपला अभिप्राय’ असे शब्द होते, आणि शेवटचें पान त्यासाठीं कोरें सोडलें होतें.

मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों. उत्तरपत्रिकांचा ढीग समोर असतांना कोणा मुलांच्या चंद्रावरच्या सफरी वाचाव्या, असें मला वाटलें नाहीं. अंक टेबलावर पडून राहिले. पंधरा दिवसांनीं तो मुलगा वाटेंत भेटला. त्यानें कांहीं विचारलें नाहीं, केवळ नमस्कार केला. पण त्या नमस्कारानें मला संकोच वाटला. घरीं येऊन मीं चौथ्या अंकाचें शेवटचें पान काढलें व त्यावर लिहिलें : ‘उपक्रम अत्यंत स्तुत्य. भाषा ओघवती. या तरुण लेखकांस उज्ज्वल भवितव्य आहे.’ खालीं सही केली आणि तें पान दुसऱ्या दिवशीं त्याच्याकडे पाठवून दिलें. चारपैकीं एकाही अंकाचें पहिलें पान मीं उलटलें नव्हतें. त्या रात्रीं मला झोंप नेहमीसारखीच लागली, हेंही सांगितलें पाहिजे.

पुढें मार्गशीर्षांत, धानाची मळणी उरकल्यावर, एके सकाळीं त्या मुलाचे वडील माझ्याकडे आले. चार-पांच एकरांचे शेतकरी. त्यांनीं खिशांतून एक घडी घातलेला कागद काढला. माझाच अभिप्राय होता तो. मुलांनीं त्याची मोठ्या अक्षरांत प्रत करून घेतली होती. ते म्हणाले, “सर, पोरगा म्हनते का तुमी त्याचा लिवना चांगला म्हनला. आता पुस्तक छापतो म्हनते, पैसा आगाऊ लागते. दहा पोते धान विकून देऊ का जी?”

तीस वर्षें मी वर्गांत बोलत आलों आहें. शब्द न सुचण्याचे प्रसंग मजवर फारसे आले नाहींत. तो एक आला. शेवटीं मीं खरें तें सांगितलें : “मीं तें अजून वाचलेलें नाहीं.”

ते रागावतील अशी माझी अपेक्षा होती. खरें म्हणजे ते रागावते तर मला बरें वाटलें असतें. त्यांनीं तो कागद पुन्हां नीट घडी घालून खिशांत ठेवला आणि म्हणाले, “मंग वाचून सांगा जी. घाई नाही. धान घरीच हाये.”

ते गेल्यावर मी बराच वेळ विचार करीत बसलों. माझा नेमका अपराध कोणता? मीं लिहिलेले शब्द खोटे होते, असें म्हणतां येत नव्हतें. भाषा कदाचित् ओघवती असेलही, उपक्रम तर स्तुत्य होताच. न वाचतां केलेलें विधानही योगायोगानें खरें ठरूं शकतें. मग खोटें होतें तें काय? विचारांतीं मला असें दिसलें कीं, खोटेपणा सहींत होता. अभिप्रायाखालीं सही करणें म्हणजे साक्ष देणें होय. ‘मीं हें पाहिलें आहे, तपासलें आहे, आणि मला हें असें दिसलें,’ असें ती सही बोलते. न्यायालयांत जो साक्षीदार घटनास्थळीं नव्हताच त्याची साक्ष खरी कीं खोटी हा प्रश्न उरत नाहीं. तो तेथें नव्हता एवढ्यानेंच ती बाद होते. मी साक्षीदार म्हणून उभा राहिलों होतों, आणि मी घटनास्थळीं नव्हतों.

आतां कोणी म्हणेल, हें फारच ताणणें झालें. मुलांच्या पाठीवर थाप मारली, त्यांत एवढी न्यायालयाची भाषा कशास? आपल्याकडे सौजन्य नांवाची कांहीं वस्तु आहे. आणि या पक्षाचे लोक बहुधा मनूचें तें प्रसिद्ध वचन पुढें करतात, ज्यांत सत्याबरोबर प्रियतेचीही अट घातली आहे व अप्रिय सत्याला मनाई केली आहे. परंतु आमची खोड अशी कीं, त्या वचनाचा अर्धाच भाग आम्ही पाठ केला आहे. त्याच श्लोकांत पुढें, प्रिय असलें तरी असत्य बोलूं नये, असाही निर्बंध आहे. सौजन्याच्या नांवाखालीं आम्ही पहिल्या निर्बंधाच्या आड दडतों आणि दुसरा सोयिस्करपणें विसरतों. सत्य प्रिय करून सांगणें कष्टाचें असतें, त्यासाठीं आधीं सत्य शोधावें लागतें. असत्य आयतेंच प्रिय असतें. मीं जें केलें त्यास सौजन्य म्हणणें म्हणजे आळसाला शालजोडी पांघरणें होय.

दुसरा पक्ष याच्या अगदीं उलट टोंकाचा. तो म्हणतो, हौशी लेखकांची भीड कशाला धरावी? कच्चें तें कच्चें म्हणावें, झोडपून काढावें. ज्याच्यांत दम असेल तो टिकेल. हा पक्ष स्वतःस सत्याचा कैवारी समजतो. परंतु ‘स्तुत्य’ हा शब्द जसा न वाचतां लिहितां येतो, तसा ‘टाकाऊ’ हा शब्दही न वाचतां लिहितां येतो. सरसकट झोडपणाराची आणि सरसकट वाखाणणाराची जात एकच; दोघांनींही पान उलटण्याचे श्रम वांचविलेले असतात. कोंवळ्या लेखकास सत्यानें इजा होते असें आपण म्हणतों. मला वाटतें, इजा होते ती मोघमपणानें. नेमकी चूक दाखविणारा माणूस कितीही कठोर असला, तरी त्यानें आपलें लिखाण वाचलें आहे हें लेखकास कळतें. आणि कोणी तरी आपलें लिखाण ओळीओळीनें वाचलें याइतका मोठा मान नव्या लेखकास दुसरा नाहीं.

हें मी अनुभवानें सांगतों. विशीच्या सुमारास मीही विज्ञानकथा लिहिल्या होत्या. आम्हां मित्रांचा एक हस्तलिखित अंक होता. त्याची एकच प्रत हातोहात फिरत असे. त्यांतल्या माझ्या एका कथेचा नायक तीन दिवसांत मंगळावर पोहोंचला. महिन्याभरानें मला एक पंधरा पैशांचें पोस्टकार्ड आलें. लिहिणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे नव्हते. मजकूर एवढाच होता कीं, मंगळ पृथ्वीच्या अगदीं जवळ येतो तेव्हांही सुमारें साडेपांच कोटि किलोमीटरांवर असतो; तीन दिवसांचे तास बाहत्तर; तेव्हां आपल्या नायकाच्या यानाचा वेग ताशीं साडेसात लाख किलोमीटरांहून अधिक ठरतो; हा वेग त्याला कोणत्या इंधनानें मिळाला, व एवढ्या वेगांतून तो थांबला कसा, हें कथेंत आलेलें नाहीं; बाकी आईस पत्र लिहितो तो भाग चांगला आहे. मी आठ दिवस फुरंगटून बसलों. नवव्या दिवशीं पेन्सिल घेऊन भागाकार करून पाहिला. तो बरोबर होता. मी पुढें कथालेखक झालों नाहीं. परंतु तें कार्ड आजही माझ्या शब्दकोशांत आहे, आणि आईच्या पत्राविषयींच्या त्या अर्ध्या ओळीनें मला जो आनंद दिला तो कोणत्याही प्रशस्तिपत्रानें दिला नाहीं. वरच्या सात ओळी खऱ्या होत्या म्हणूनच ती अर्धी ओळही खरी वाटली.

विज्ञानकथांच्या जगांत वाचकांच्या पत्रांस जें स्थान मिळालें, तें वाङ्मयाच्या दुसऱ्या प्रांतांत क्वचितच मिळालें असेल. १९२६ सालीं अमेरिकेंत ह्यूगो गर्न्सबॅक यानें ‘अमेझिंग स्टोरीज’ हें केवळ विज्ञानकथांस वाहिलेलें मासिक सुरू केलें. त्यांत वाचकांचीं पत्रें त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापलीं जात. साधीशीच गोष्ट, पण तिचा परिणाम मोठा झाला. पत्ते मिळाल्यामुळें वाचक संपादकास लिहीत तसे एकमेकांसही लिहूं लागले. पत्रांतून ओळखी झाल्या, ओळखींतून मंडळें निघालीं, आणि मंडळांनीं स्वतःचीं हौशी नियतकालिकें काढलीं. १९३० च्या मे महिन्यांत निघालेलें ‘द कॉमेट’ हें त्यांतलें पहिलें, असें सामान्यतः मानतात. पुढें १९४० सालीं अशा अंकांस ‘फॅनझीन’ हें नांव पडलें. त्यांपैकीं पुष्कळ अंकांची किंमत पैशांत नसे; आपला अंक पाठवा, लेख पाठवा, किंवा अंक वाचून सविस्तर पत्र लिहा, म्हणजे पुढचा अंक मिळेल, अशी रीत होती. आमच्या मुलांनीं ती रीत कोठें वाचली होती कीं त्यांना स्वतःलाच सुचली, हें मीं विचारलें नाहीं. पण ‘मूल्य : आपला अभिप्राय’ या तीन शब्दांत तोच करार होता.

या हौशी अंकांतून सर्वच थोर लेखक निपजले असें नाहीं. बहुतेक निपजले नाहींत. परंतु जे निपजले त्यांचीं नांवें विचार करावयास लावणारीं आहेत. क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं चक्रमुद्रित केलेल्या ‘सायन्स फिक्शन’ नांवाच्या अंकांत १९३३ सालीं ‘सुपरमॅन’ हें नांव पहिल्यानें वापरलें. पांच वर्षांनीं त्याच नांवाच्या वेगळ्या नायकानें जग जिंकलें. आर्थर क्लार्क याची एक पहिलीवहिली कथा १९३७ च्या डिसेंबरांत इंग्लंडांतील एका हौशी अंकांत आली. तेव्हां तो नुकता विशींत पदार्पण करीत होता. त्या वेळीं ज्यांनीं या मुलांचे पुसट छपाईचे अंक खरोखर वाचून त्यांना लिहिलें, त्यांना आपण कोणास लिहीत आहों हें माहीत नव्हतें. अभिप्राय देणारास भविष्य कळत नसतें. म्हणूनच ‘उज्ज्वल भवितव्य आहे’ हें वाक्य कोणीही कोणासही लिहूं नये. जें पुढें आहे त्याची साक्ष देतां येत नाहीं. जें पानावर आहे त्याचीच देतां येते.

विज्ञानकथेच्या बाबतींत या ऋणाला आणखी एक बाजू आहे. भावकथा वाचून एकास रडूं येईल, दुसऱ्यास येणार नाहीं, आणि दोघेही आपापल्या जागीं खरे असतील. विज्ञानकथेचा कांहीं भाग मात्र असा असतो कीं, तेथें वाचक लेखकास सप्रमाण चूक दाखवूं शकतो. लॅरी निव्हन या अमेरिकन लेखकानें १९७० सालीं ‘रिंगवर्ल्ड’ नांवाची कादंबरी लिहिली. तींत एका ताऱ्याभोंवतीं फिरणारें प्रचंड कडें कल्पिलें आहे आणि त्याच्या आंतल्या बाजूवर माणसें राहतात. दुसऱ्या वर्षीं बोस्टन येथें विज्ञानकथाप्रेमींचें संमेलन भरलें असतां तेथील तंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं ‘हें कडें अस्थिर आहे’ असा घोषच चालविला. त्यांचें म्हणणें बरोबर होतें. असें कडें किंचित् ढळलें तरी पुन्हां जागेवर न येतां ताऱ्यावर आदळावयाचें. निव्हन रागावला नाहीं. त्यानें दुसरी कादंबरी लिहिली व तींत कड्यास जागेवर धरून ठेवणारी यंत्रें बसविलीं. वाचकांच्या आक्षेपांतून एक नवी कादंबरी जन्मास आली. विज्ञान स्वतः याच रीतीनें वाढतें. एकानें मांडावें, दुसऱ्यानें तपासावें, चुकलें असेल तें दाखवावें, आणि दाखविणाऱ्याचे आभार मानावे. विज्ञानाच्या नांवानें अंक काढणारीं मुलें जेव्हां अभिप्राय मागतात, तेव्हां तीं हाच तपास मागत असतात. त्यांना शालेय समारंभांतली स्तुति देणें म्हणजे मोजमाप मागणाऱ्यास हार घालून वाटेला लावण्यासारखें आहे.

मराठींत हा प्रकार नवा नाहीं. कोचीनहून कृष्णाजी नारायण आठल्ये काढीत असलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकांत ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचें मराठी रूप ‘चंद्रलोकची सफर’ या नांवानें विसाव्या शतकाच्या आरंभींच आलें; पण मराठी विज्ञानकथेस सुशिक्षित घरांत मानाचें पान मिळालें तें पाऊणशें वर्षांनीं, आणि त्या घटनेंतही अभिप्रायाचाच प्रश्न गुंतलेला आहे. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेनें विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली. जयंत नारळीकर त्या वेळीं जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते; पद्मभूषण हा किताब त्यांना १९६५ सालींच मिळाला होता. त्यांनीं ‘कृष्णविवर’ ही कथा लिहिली; पण ती आपल्या नांवानें न पाठवितां, आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलट करून ‘नारायण विनायक जगताप’ या नांवानें पाठविली. आपलें हस्ताक्षर ओळखलें जाईल म्हणून ती पत्नीच्या हातानें लिहवून घेतली. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. पुढें १९७५ च्या कऱ्हाड येथील साहित्य संमेलनांत अध्यक्षा दुर्गा भागवत यांनीं त्यांच्या विज्ञानकथांची आवर्जून दखल घेतली. आणि २०२१ सालीं नाशिकच्या संमेलनाचें अध्यक्षपद स्वतः नारळीकरांकडे आलें. २० मे २०२५ रोजीं ते निवर्तले, तेव्हां शास्त्रज्ञाबरोबर एका कथाकारासाठींही मराठी घरें हळहळलीं.

या टोपणनांवाची गोष्ट आपण गंमत म्हणून सांगतों. मला तींत मोठा नैतिक विवेक दिसतो. नारळीकरांनीं आपल्या नांवानें कथा पाठविली असती तर स्तुति निश्चित होती. आणि म्हणूनच ती निरुपयोगी होती. कथा चांगली म्हणून वाखाणली कीं शास्त्रज्ञ मोठा म्हणून, हें त्यांना कधींच कळलें नसतें. खरा अभिप्राय मिळावा म्हणून त्यांनीं आपली कीर्ति दाराबाहेर काढून ठेविली. आमच्या नागभीडच्या मुलांपाशीं बाहेर काढून ठेवण्याजोगी कीर्ति नव्हती. त्यांचें भय उलट होतें, नांव नाहीं म्हणून कोणी वाचणारच नाहीं हें. परंतु दोघांचें मागणें एकच : नांवाकडे न पाहतां माझें लिखाण तोला. मोठ्या माणसास तें मिळविण्यासाठीं युक्ति करावी लागली. मुलांनीं तें सरळ मागितलें, आणि मीं तें दिलें नाहीं.

आमच्या भागांत या ऋणाची जाणीव नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. आमची झाडीपट्टीची रंगभूमि दिवाळीपासून होळीपर्यंत गांवोगांवीं जागी असते. वडसा देसाईगंज हें तिचें माहेरघर. थंडीच्या रात्रीं घोंगडीं पांघरून हजारों माणसें तिकीट काढून जमिनीवर बसतात आणि पहांटेपर्यंत नाटक पाहतात. नटानें पल्लेदार भाषण नीट म्हटलें तर टाळी त्या क्षणीं पडते, पद रंगलें तर ‘वन्समोअर’ होतो, आणि प्रसंग ताणला तर मंडपांत चुळबूळ सुरू होते. ती ऐकून नट दुसऱ्या रात्रीं तोच प्रसंग आटोपशीर करतो. या प्रेक्षकांनीं समीक्षेचे ग्रंथ वाचलेले नसतात. पण त्यांच्या टाळीमागें रात्रभराचें जागरण असतें. ते तेथें हजर असतात, म्हणून त्यांची साक्ष खरी. मुलाचे वडील ‘वाचून सांगा जी’ म्हणाले तेव्हां ते या परंपरेचेच बोलत होते. नाटक न पाहतां टाळी वाजविणारा माणूस त्यांनीं आयुष्यांत पाहिला नसावा.

येथें एक प्रामाणिक अडचण आहे, ती टाळून चालणार नाहीं. वाचनासाठीं येणारें सगळेंच कोण वाचणार? शिक्षकाकडे, संपादकाकडे, थोड्याशा नांवाजलेल्या कोणाही माणसाकडे वह्यांचे ढीग येतात. अभिप्राय हें ऋण म्हटलें तर मागेल त्याचा आपण ऋणको होऊन बसूं. मला वाटतें, याचें उत्तर सोपें आहे. तें सोपें असल्यामुळेंच आपण तें देत नाहीं. ‘मला वेळ नाहीं, मी हें वाचूं शकणार नाहीं,’ असें म्हणण्याचा हक्क प्रत्येकास आहे. त्यानें मागणारा क्षणभर हिरमुसेल. पण तो दुसऱ्या दाराशीं जाईल. ज्यास खोटा अभिप्राय मिळाला तो मात्र दुसऱ्या दाराशीं जात नाहीं. आपणांस हवें तें मिळालें असें समजून तो घरीं जातो, आणि धान विकावयास काढतो. नकार देणारा कांहींच घेत नाहीं. खोटा अभिप्राय देणारा त्या माणसाचा खऱ्या अभिप्रायाचा मार्गच अडवितो. ऋण सुरू होतें तें वही हातीं आली तेव्हां नव्हे. ती ठेवून घेतली तेव्हां.

आणि अभिप्राय खरा आहे कीं नाहीं याची एक कसोटीही मला त्या शेतकऱ्यानेंच नकळत दिली. या शब्दांवर कोणी आपलीं दहा पोतीं धान विकणार असेल, तरी मी हेच शब्द लिहीन काय? लिहीन, असें मन म्हणालें तर खुशाल लिहावें, मग ते स्तुतीचे असोत वा निंदेचे. मन अडखळलें तर लेखणी खालीं ठेवून पान उलटावें.

मीं चारही अंक वाचले. आठ दिवस लागले. चौदा कथा होत्या. त्यांतल्या नऊ, खरें सांगावयाचें तर, सिनेमांवरून उचललेल्या. नायकांचीं नांवें परदेशी, आणि संभाषणें अशा पुस्तकी भाषेंत कीं ती आमच्या तालुक्यांत कोणी बोलत नाहीं. एका कथेंत चंद्रावर स्फोट होतो आणि अर्ध्या कोसावरच्या माणसास त्याचा आवाज ऐकूं येतो. चंद्रावर हवा नाहीं हें लेखक विसरला होता. चार कथा बऱ्या होत्या. आणि एक, माझ्या विद्यार्थ्याची, अशी होती कीं ती संपल्यावर मी उठून अंगणांत फेऱ्या मारूं लागलों. एका जुन्या मालगुजारी तलावाच्या गाळांत यंत्र उतरवितात. गाळाच्या थरांवरून कोणत्या वर्षीं पाणी किती होतें हें तें यंत्र सांगूं लागतें. आणि गांवास कळतें कीं, ज्या वर्षीं आजोबांच्या बांध्या सुकून गेल्या त्या वर्षीं तलावांत पाणी होतें. तें कोणीं अडविलें, हें विचारावयास एक म्हातारी पाळीवर येऊन उभी राहते, तेथें कथा संपते. हें कोणत्याही सिनेमांतून आलेलें नव्हतें.

मीं चार पानी पत्र लिहिलें. प्रत्येक कथेस निदान दोन ओळी दिल्या, चुका पानांच्या आंकड्यांसह दाखविल्या, आणि आधींचा अभिप्राय न वाचतां लिहिलेला होता हें पहिल्याच वाक्यांत कबूल करून तो मागें घेतला. वडिलांना घरीं जाऊन सांगितलें कीं, पुस्तकासाठीं धान विकूं नये. अजून पुस्तक झालेलें नाहीं, एक कथा झाली आहे. ती एखाद्या स्पर्धेस पाठवावी, आणि अंक आहे तसाच, तीस प्रतींचा, चालूं द्यावा. ते म्हणाले, “आता समजला जी.” मुलगा दाराशीं उभा होता. त्याचा चेहरा पडला होता, हें मीं पाहिलें. तो महिनाभर मला भेटला नाहीं. मला माझे ते आठ दिवस आठवले व मीं वाट पाहिली.

पांचवा अंक आला तो टपालानें. माझें पत्र त्यांत एकही शब्द न गाळतां छापलें होतें. त्याखालीं तळोधीच्या एका शाळकरी मुलीचें पत्र होतें. तिनें लिहिलें होतें कीं, चंद्रावर हवा नाहीं म्हणून आवाज ऐकूं यावयाचा नाहीं हें सरांचें म्हणणें अर्धेंच बरोबर आहे. स्फोटाचा कंप जमिनींतून जातो, अपोलो यानांनीं तेथें ठेवलेल्या यंत्रांनीं चंद्रावरचे कंप टिपलेले आहेत, तेव्हां जमिनीस टेकलेल्या माणसास तो धक्का पायांतून जाणवेल. सरांनीं ‘आवाज’ आणि ‘कंप’ यांत भेद करावयास पाहिजे होता.

प्रथम मला राग आला, हें लपवीत नाहीं. मग मीं तें पत्र दुसऱ्यांदा वाचलें. मुलगी बरोबर होती. मुखपृष्ठावर नेहमीच्या जागीं ‘मूल्य : आपला अभिप्राय’ असें छापलें होतें, आणि शेवटचें पान कोरें होतें. मीं दिवा पुढें ओढला आणि अंक पहिल्या पानापासून वाचावयास घेतला.